आधी घरच्यांना तपासायचे

लोक त्यांना येड्यांचे डॉक्टर म्हणायचे, पण ते पेशंटच्या आधी घरच्यांना तपासायचे. मालकाला जालन्याला नेलं तवा माझी पोरगी सहा महिन्यांची, कडेवर. डॉक्टरांनी मालकाच्या हातावरचे वळ बघितले अन् म्हणले, "ह्यांना बांधलं कोणी? त्यांना आणा."

बांधलं भायानं, मालकाच्या थोरल्या भावानं. मालक भिंतीशी बोलाया लागले, रेडिओवाला माझंच नाव घेतो म्हणले, तर भाया म्हणला हिनंच करणी केली. दोन महिने गोठ्यात साखळीनं बांधलं. दवाखान्यात न्या म्हणलं तर मला बी हाणलं. शेवटी माझ्या भावानं सोडवून आणलं.

आजार दिसल्यापासून दवाखान्यात यायला किती दिवस गेले, हेच डॉक्टर वर्षानुवर्षं वहीत लिहायचे. "ह्या दिवसांतच माणूस हातचा जातो," म्हणायचे. दर बुधवारी घरच्यांना सतरंजीवर गोल बसवायचे, सगळ्यांना बोलायला लावायचे. भाया आमच्या केदारखेड्याहून आला, टोपी सावरत म्हणला, "साहेब, ही बाई लई आगाऊ हाय."

"बराबर. आगाऊ आहे म्हणून तुमचा भाऊ इथं आला. तुम्ही कधी आणणार होता?"

बाकीच्या पेशंटच्या बाया फिदीफिदी हसल्या. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझा भाऊ भायाचे पाय मोडायला निघाल्ता, मीच सांगितल्तं. डॉक्टरांना कळलं. "मोड की," माझ्या भावाला म्हणले, "पण वर्षानं. आत्ता त्यांच्याकडून काम आहे." अन् गोळ्यांची पुडी भायाच्याच हातात दिली! ज्यानं बांधलं त्यानंच रोज गोळी द्यायची, गिळस्तवर समोर बसायचं. मी आठ दिवस रागानं बोलले न्हाई डॉक्टरांशी. पण मालक हळूहळू माणसात आले, कपाशी वेचाया लागले.

वर्ष व्हायच्या आत डॉक्टर रिटायर झाले. निघताना मी म्हणलं, "माझा राग गेला न्हाई, साहेब."

"जाऊ दे म्हणतंय कोण? पण बाई, रागात कुणाचा दवाखाना अडवू नको."

परवा भायाची पोरगी, सोळा वर्षांची, खिडकीत चिंध्या कोंबून बसली, कुणीतरी बघून राह्यलं म्हणून. भाया कधी माझ्याशी थेट बोलला न्हाई, भावजयीशी बोलत न्हाईत आमच्यात. तो दारात आला, मान खाली घालून म्हणला, "सुमनबाई, कुठं नेऊ हिला?"

"साखळी हाय की घरात. करणी कोणाची ते बघा आधी."

मला गोड वाटलं, लई गोड. अन् मंग अंगावर काटाच आला, कारण मी मनात दिवस मोजून राह्यले होते, ह्याला किती दिवस दारात उभा करायचा त्याचे.

"माफ न्हाई केलं तुम्हाला," मी म्हणलं, अन् माझ्या पोरीला कडेवर घेतलं. "तिला चपला घालायला सांगा. जालन्याची गाडी निघंल."