फौत की हयात

ऑफिसातल्या फायलींना उधई लागते, किश्शांना लागत नाही. ते नुसते साठत जातात. आमच्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कम्प्युटर आल्यापासून तर लईच साठलेत.

* * *

कम्प्युटर आला तेव्हा मी नवी ऑपरेटर. निजामाच्या काळातली, घरोघरच्या माणसांची उर्दू रजिस्टरं काझीचाचा वाचायचे, मी मराठीत टाइप करायची. चाचा रिटायर मास्तर. उर्दू येणारे ते एकटेच. सॉफ्टवेअरला पूर्ण जन्मतारीख लागायची आणि वहीत नुसतं साल. आमच्या हेडक्लार्क शिंदे मॅडमनी सरसकट सगळ्यांना एक जून देऊन टाकला. चाचा म्हणाले, "एका दिवशी एवढी बाळंतपणं? सुईण मेली असंल."

* * *

मग अंगठ्याचं मशीन आलं. शिपाई नामदेवमामांचे अंगठे शेतात राबून गुळगुळीत झालेले. मशीन रोज नाकारायचं, मॅडम रोज सही घ्यायच्या. एका सोमवारी मामा आलेच नाहीत. दुपारी कळलं, सकाळी आठलाच झटका आला, भूमला दवाखान्यात बेशुद्ध आहेत. रजा टाकायला मॅडमनी हजेरी उघडली. नऊ चाळीसला मामांचा अंगठा लागलेला होता. एका दमात.

बरे होऊन आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "कामावर जायचं हाय, येवढंच डोस्क्यात व्हतं बघा."

* * *

पुढं नाव सुचवणारं सॉफ्टवेअर आलं. एका ओळीवर शाई सांडलेली, चाचा भिंग घेऊन अडलेले, माझे हात मांडीवर. रकान्यात आपोआप 'सखुबाई' आलं. चाचांनी पान उजेडाला धरून बराच वेळ बघितलं. हेच हाय म्हणाले, आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

* * *

नंतर एक रकाना वाढला: फौत की हयात, म्हणजे मेलेला की जिवंत. रिकामा सोडला तर नोंद सेव्ह व्हायची नाही. येरमाळ्याकडच्या एका घरात सगळ्यांपुढं फौत लिहिलेलं, धाकट्या यमुनापुढं मात्र काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, शंभर वर्षं उलटली, फौतच टाक. मी टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दिसायला सत्तरीची एक बाई थेट माझ्या टेबलापाशी आली. गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. यमुनाच्या नोंदीतलंच. मग शांतपणे म्हणाली, "मला फौत कुनी केलं, बाई?"

चाचांनी उठून तिला पाणी दिलं. मी नोंद उघडली आणि हयात केलं. तिनं प्रिंट मागितली नाही. स्क्रीनकडं बघून मान हलवली आणि गेली.

यमुनाचं वय सॉफ्टवेअर स्वतःच वाढवत राहतं. परवा नवे साहेब म्हणाले, ही एकशे एकवीस वर्षांची बाई काढून टाका. मी म्हटलं, "तुम्हीच काढा, साहेब." किस्सा त्यांच्याही कानावर आलेला. त्यांनी माउसवर हात ठेवला, चाचांकडं बघितलं, आणि हात उचलला.