बेगमसाहेबांची अमानत

मुनीर गेल्याचा निरोप आला तेव्हा मला आधी रागच आला. एका चित्रापायी माणूस जीव देतो का? डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. सांगोत बापडे. तो कशानं गेला ते मला ठाऊक आहे…

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर होतो. शहागंजातल्या त्याच्या घरी आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, गोधडीत आणि मेणकापडात शिवलेलं पुरुषभर उंचीचं काहीतरी उभं असायचं. मागच्या शतकात फ्रान्समध्ये कुणीतरी काढलेलं ते चित्र होतं, मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेल्या मरियमचं. एका फ्रेंच पाद्र्यानं ते बोटीनं आणलं आणि मायदेशी परतताना इथल्या एका जागीरदाराला देऊन टाकलं. जागीरदारानं त्याला सागवानी चौकट करवून घेतली. त्यांच्या बेगमसाहेबांचा थोरला मुलगा तापानं गेलेला. त्या तासन्‌तास त्या चित्रासमोर बसत. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर ते कुटुंब घाईघाईत कराचीला निघालं, तेव्हा बेगमसाहेबांनी स्वतः ते शिवून मुनीरच्या वडिलांच्या, म्हणजे हवेलीतल्या मुन्शींच्या हवाली केलं. आम्ही परत येऊ, म्हणाल्या.

मी चिडवायचो, "मुनीर, आत चित्रच आहे ना रे, का नुसता पाट?"

तो हसत नसे. "अमानत हाय, भाऊ. टाके उसवून बघितलं तर ती वापरल्यावानी व्हती. अब्बांनीबी कधी बघितलं नाय."

दर ईदेला तो वरची धूळ पुसायचा, तेवढाच त्याचा हात लागायचा. पावसाळ्यात ती भिंत ओल धरायची, तरी जागा बदलली नाही. जिथं ठेवली तिथंच राहिली पाहिजे, म्हणायचा.

यंदा उन्हाळ्यात बेगमसाहेबांची नात कराचीहून हवेली बघायला आली. मुनीरनं शेरवानी चढवली, मलाही बोलावून घेतलं. लग्नघरासारखी त्याची धांदल चालली होती. टाके त्यानंच कापले आणि गोधडीतून माती सांडू लागली. वाळवी. सागवान तेवढं वाचलं होतं. एका कोपऱ्यात चित्राचं तळहाताएवढं निळं कापड लोंबत होतं, मुनीरनं बोट लावलं तर त्याचाही भुगा झाला.

"जाने दीजिए चाचा," ती पोर म्हणाली, "हमें तो मालूम भी नहीं था." किती सहज म्हणाली. मुनीर तिथंच मातीत बसला.

त्यानंतर त्याचं अन्न तुटलं. मी रोज जाऊन भांडायचो. अरे, नातीनं माफ केलं ना तुला?

"तिनं कशी करायची माफी? ठेवली बेगमसाहेबांनी. त्या तर गेल्या… वर्षातून एकदा उघडून उन्हात ठेवली असती, भाऊ. लई काय करायचं नव्हतं."

 त्याचं ते बोलणं आठवलं की आजही जीव नुसता जळतो.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर मुनीरच्या बायकोनं, राबियाभाभींनी, ती चौकट रिक्षात घालून माझ्याकडं पाठवली. त्यांना ती डोळ्यांसमोर नको होती. दर रविवारी मी ती अंगणात उन्हाला लावतो, दुपारी बाजू पालटतो. तिच्यात वाळवीनं खावं असं काही उरलेलं नाही, हे मला कळतं. सूनबाई विचारते, "बाबा, ह्यात काय वाळवताय?"

मी चौकटीवरची धूळ पुसतो. ऊन उतरलं की चौकट उचलून आत आणतो.