ताईच्या हातची पाचर

दातांच्या दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ती तिथे लादी पुसायला लागली आणि पुसता पुसता पेशंटच्या खुर्चीपर्यंत पोचली. हत्यारं उकळणं, सिमेंट कालवणं, लाळ ओढणारी नळी धरणं, सगळं तिनं बघून बघून उचललं. पण तिचा खरा हातखंडा पाचरीत.

दोन दाढांच्या मधली कीड काढली की खड्ड्याला एका बाजूची भिंतच उरत नाही. मग दाढेभोवती पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळतात, आणि ती हिरडीशी घट्ट बसावी म्हणून दातांच्या फटीत लाकडाची इवलीशी पाचर सारतात. पाचर सैल राहिली, की खड्ड्यात भरलेला मसाला खालून बाहेर. पाचरी डबीत तयार मिळतात, पण प्रत्येक तोंडातली फट निराळी. ताई सुताराची लेक. ब्लेडनं तासून ती पाचर नेमकी त्या फटीची करून द्यायची. धाकटी जाऊ चिडवायची, "लोक फुकट पाचर मारतात, तुम्हाला त्याचा पगार मिळतो!"

म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी काम बघू लागली. हुशार, पण घाईची. एका सकाळी शाळेतल्या गणिताच्या बाई दाढ भरायला आल्या. डॉक्टरीणबाईंनी डबीतली पाचर सारली. ताईनं वाकून पाहिलं.

"मॅडम, खाली फट दिसतेय. जरा तासून देऊ?"

"ताई, प्लीज. मला माझं काम करू द्या."

ताईची कानशिलं तापली, पण नळी धरलेला हात हलला नाही.

दाढ भरून झाल्यावर एक्स-रे काढला. हिरडीलगत मसाल्याचं टोक बाहेर डोकावत होतं. तिथे अन्न अडकलं असतं, हिरडी सुजली असती. 'सांगत होते ना!' ताईच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली केला. "बाई, हे काढून पुन्हा भरावं लागेल. चूक माझी. ताई आधीच म्हणाल्या होत्या." मग ताईकडे वळून, "ताई, द्या तासून."

ताईनं एक बाजू खरवडली, फटीशी लावून पाहिली, आणखी एक कपची उडवली. पाचर सरकली आणि पट्टी दाढेला चिकटून बसली. दाढ पुन्हा भरल्यावर दुसऱ्या एक्स-रेत कड फूटपट्टीनं आखावी तशी आली.

"शंभरपैकी शंभर," गणिताच्या बाई बधिर ओठांनी बोबडं बोलल्या.

त्यानंतर दुपारी पेशंट नसले की डॉक्टरीणबाई ताईकडून तासणं शिकायला बसत. वर्षभरानं दातांच्या डॉक्टरांची मोठी बैठक भरली. डॉक्टरीणबाईंनी तिथे पाचर तासणं स्वतः दाखवायचं सोडून ताईलाच पुढे केलं. चाळीस डॉक्टर बघून ती दाराशीच थबकली. पण हातात पाचर आली आणि भीड चेपली. "जोर नका लावू, साहेब," नकली दाढांत पाचर सारणाऱ्या एका पिकल्या केसांच्या डॉक्टरांना ती म्हणाली, "अडली तर परत काढा, परत तासा." त्यांनी मुकाट्यानं काढली.

घरी परतली तेव्हा सासूबाई जिन्यात शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून आता डॉक्टरांची प्रोफेसर आहे!"

खरं काय ते सांगावं, असं ताईला वाटलं. मग चप्पल काढायच्या निमित्तानं ती खाली वाकली, आणि सासूबाई आणखी काय काय सांगतात ते ऐकत राहिली.