मंडपवाल्या जाऊबाई आणि मामांची बंदूक

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खं गाव मंडपवाली म्हणतं. ज्यांना त्यांचा राग येतो ते पुढं आणखी दोन शब्द जोडतात, ते मी इथं सांगत नाही. दीर गेले तेव्हा लोक म्हणाले, मंडपाचे पाइप विका, कापड विका आणि गप घरी बसा. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्याच लग्नाचा मंडप स्वतः उभा करून दाखवला.

आमच्याकडे एक रीत आहे. नवरदेव फाटकाशी आला की त्याच्या मामानं हवेत बंदूक उडवायची. का, ते विचारू नका. विचारलं की "संस्कृती" म्हणतात आणि मिशीवरून हात फिरवतात. पण हवा आणि बंदूक यांच्यामध्ये जाऊबाईंचं छत असायचं! दर लग्नानंतर त्या ते कापड अंगणात पसरायच्या, उजेडात धरून भोकं शोधायच्या आणि त्याच रंगाचे तुकडे आतून लावायच्या. मी सुईत दोरा ओवून द्यायची. "कापडाचंच तर आहे, एवढं काय," असं लोक म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो.

मग एका लग्नात वारा सुटला. छत फडफडायला लागलं म्हणून जाऊबाईंचा जुना माणूस दोर आवळायला वर चढला, आणि खालून बार झाला. गोळी मांडीतून गेली. जीव वाचला, पाय मात्र कामातून गेला. बंदूकवाल्यांनी फळांची करंडी पाठवली. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. हवेतल्या गोळीला कुणी मालकच नसतो म्हणे! आनंदाची गोळी ती. उद्या कुणी मेलं तर तेही आनंदानं मेलं म्हणायचं का?

त्यावर गावाची सभा झाली. लग्नात बंदूक नको, असा नियम करावा की नाही? काय तो गोंधळ! "आज बंदूक मागतायत, उद्या मिशा मागतील," एकजण ओरडला आणि टाळ्या पडल्या. नियम काही झाला नाही. जाऊबाई उठल्या आणि भर सभेत म्हणाल्या, "तुमचा नियम राहू दे तुमच्यापाशी. माझ्या मंडपात बंदूक निघाली तर लग्न तिथंच थांबवीन." लोक हसले. निम्मी गिऱ्हाईकं दुसऱ्या मंडपवाल्याकडे गेली. बाई तसूभर हलली नाही.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला, गुणाचा. पण त्याचे मामा! बैठकीला आले ते बंदूक खांद्याला अडकवूनच. चहा पिताना ती सोफ्याला टेकवून ठेवली, जणू तीही पाहुणी.

"आमच्या घराण्यात बार काढल्याशिवाय लग्न लागत नाही," मामा म्हणाले. "आणि परवाना आहे आपल्याकडे."

"परवाना घरात ठेवायचा दिलाय. लोकांच्या डोक्यावर उडवायचा नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"बाई, ही आमची संस्कृती आहे. तुम्हाला नाही कळायची."

"माझ्या कापडाला रोज कळते हो ती!"

मामा लालबुंद झाले. मी मध्ये पडून बिस्किटं पुढं केली. ते गेल्यावर मी जाऊबाईंचे हात धरले. "एक दिवस डोळेझाक करा ना. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मग मंडप दुसऱ्याचा घे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी जेवायला येईन. रागावणार नाही."

घरच्या लग्नाला परक्याचा मंडप? ते काही माझ्या मनाला पटेना. शेवटी आमच्या ह्यांनी तोडगा काढला. मामांनी बंदूक आणायची, पण उडवायची नाही. मामा हो म्हणाले. आम्ही खुळे, विश्वास ठेवला.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी वरपक्षाच्या गाड्या फाटकाशी लागल्या. मामा उतरले आणि सगळ्यांदेखत गोळ्या भरायला लागले. जाऊबाईंनी शिडी लावली, वर चढल्या, दोन कापडांमधल्या फटीतून बाहेर निघाल्या आणि आडव्या पाइपवर बसल्या. खालून नुसते पाय दिसत होते.

"हं, मारा आता!" वरून आवाज आला.

मामा गरजले, "या बाईला खाली उतरवा, नाहीतर नवरदेव इथूनच माघारी फिरेल!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आमचे हे दात-ओठ खात म्हणाले, "काढ त्यांना खाली." दारात माझी लेक उभी होती, नटलेली आणि पांढरीफटक.

मी चढले. खरं सांगते, त्यांना खाली ओढायलाच चढले होते. चार शब्द सुनावायचेही ठरवलं होतं. फटीतून डोकं बाहेर काढलं आणि तशीच थांबले.

खालून बघितलं की वर नुसतं कापड दिसतं. वरून बघितलं तर चहूबाजूंना माणसंच होती. शेजारच्या प्रत्येक गच्चीवर लोक लग्न बघायला जमले होते. एक बाई कडेवरच्या बाळाला नवरदेव दाखवत होती. एका म्हाताऱ्यांना खुर्चीसकट वर आणून बसवलं होतं. समोरच्या कठड्यावर पोरं हनुवटी टेकून उभी होती. मला बघून त्यातल्या एकीनं हात हलवला.

"बघ, हीच ती त्यांची हवा," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. घाबरल्या होत्या त्या!

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू. मी त्यांच्या शेजारी बूड टेकलं, पाइप घट्ट धरला आणि खाली ओरडले, "मामा, वर या! या आणि बोटानं दाखवा, यातल्या कुणाला मारणार ते. लग्न मोडायचं तर खुशाल मोडा. मी उतरत नाही!"

मग शिडी हलली. बघते तर नवरदेव. पायात नवे जोडे, दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. "मामा, बंदूक घेऊन घरी जा," तो म्हणाला. "मी इथंच आहे. सावकाश उतरा हो आई."

आई म्हणाला मला. लग्न लागायच्या आधीच.

मामांनी बंदूक गाडीत आदळली. त्यांच्याबरोबर आणखी बरेच पाहुणे निघाले, न जेवताच. हे लग्न लागलंच नाही, असं ते आजही सांगत फिरतात. फिरू देत! मला रडू येत होतं आणि हसूही. मी जाऊबाईंना म्हटलं, "चला, उतरू या का आता?"

"थांब गं," त्या म्हणाल्या. "गाडी वळणापलीकडे जाऊ दे आधी."