सण झाल्यावर बघू

शेवंताआक्का फराळ द्यायला आल्या की नुसतं ताट ठेवून परत जायच्या नाहीत. दारातच उभ्या राहायच्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या. लाडू संपला की तांब्या पुढे यायचा. "चूळ भर. नुसतं तोंड भिजवू नको, खळखळून भर." आपण चूळ भरेपर्यंत त्या जागच्या हलत नसत.

मी लातूरहून हिंजवडीत नोकरीला आले आणि मारुंजीत आक्कांच्या खोलीत राहू लागले. जिथे त्यांचं भाताचं खाचर होतं, तिथे तेव्हा समोरासमोर दहा खोल्या झाल्या होत्या. आम्ही भाडेकरू मराठवाडा-विदर्भातले, सगळे नोकरदार. आक्कांचा राग तसा बारमाही, पण दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्याला ऊत यायचा. कुणी चिक्की दाढेखाली धरून कडकन फोडली की विचारायच्या, "दात हाय का अडकित्ता?" बुंदी खाऊन तसाच आडवा होणारा दिसला की म्हणायच्या, "गोड तोंडात ठिवून निजतुयास, मुंग्यांना आवतान दिलंयस का?" त्यांच्या माघारी आम्ही हसायचो. मला मात्र संताप यायचा. मी कमावती बाई, परक्या बाईच्या पहाऱ्यात चुळा का भराव्यात?

तिसऱ्या दिवाळीत माझी खालची दाढ ठणकायला लागली. मी लवंग धरली, दुखणं थांबवायच्या गोळ्या घेतल्या आणि कुणाला बोलले नाही. गावी जायचं तिकीट काढलेलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सुजलेल्या गालावर ओढणी घेऊन बॅग उचलली, तेवढ्यात आक्का ताट घेऊन आल्या. त्यांनी ओढणी खाली ओढली.

"हे कवापासनं?"

"तीन दिवस झाले. भाऊबीज झाल्यावर बघू, आक्का."

त्यांनी हातातलं ताट अंगणात भिरकावलं. शंकरपाळे सगळीकडे उडाले, कोंबड्या धावल्या. आक्का माझ्या बॅगेवर मांडी घालून बसल्या.

"गाडी जाऊ दे. आधी दवाखाना."

मीही पेटले. तोंड धड उघडत नव्हतं तरी ओरडले, "तुम्ही माझ्या कोण लागता?"

"कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "जी लागत हुती, तिला येळेवर न्हेलं न्हाई मी."

मग माझ्याने भांडवेना. आम्ही सहा आसनी रिक्षाने वाकडकडे निघालो. रस्ताभर आक्का समोर बघत बोलत होत्या. नंदा, त्यांची एकुलती एक लेक, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली होती. दाढ सुजलेली होती. जावई घरात, व्याही यायचे होते.

"पोरगी म्हनली, आय, गिळाया येईना. मी म्हनले, सण झाल्यावर बघू. भरल्या घरातनं दवाखान्यात कुटं न्यायचं? हळदीचा लेप लावला. पाडव्याला सूज गळ्यात उतरली. मग जीपमधी घातली. दवाखाना म्होरं दिसत हुता, तवा तिचा श्वास कोंडला. माज्या मांडीवर."

त्यांनी माझी ओढणी पुन्हा गालावर नीट घेतली.

"दहाव्याला समदी म्हनली, नशीब. कशाचं नशीब? ती कण्हत हुती तवा मी करंज्या तळत हुते."

आम्ही पोचलो तेव्हा दातांचे डॉक्टर शटर ओढत होते. घरी पूजेची तयारी करायचीय, गोळ्या लिहून देतो, पाडव्यानंतर या, असं म्हणाले. आक्कांनी शटरखाली हात घातला.

"तुमची लक्ष्मी थांबंल. हिची सूज थांबायची न्हाई."

डॉक्टरांनी वैतागून माझी हनुवटी वर केली, गळ्याखाली बोटं दाबली आणि त्यांचा चेहरा बदलला. शटर पुन्हा वर गेलं. चीर देऊन त्यांनी पू काढला. "प्रवासाला निघाली असतीस तर फार अवघड झालं असतं," ते मला म्हणाले.

आक्कांनी आभार मानले नाहीत. "मग मगाशी गोळ्या काय म्हनून देत हुतास?" असं त्यांनी विचारलं. डॉक्टर खाली मान घालून हात धूत राहिले.

त्या दिवाळीत मी आक्कांच्या घरी पेज पीत पडून होते. फटाक्यांच्या आवाजात कधी तरी मला जाणवलं, की ही बाई आमच्यावर रागावतच नव्हती. आम्ही फक्त तिच्या रागाच्या वाटेत उभे होतो.

पुढे लग्न होऊन मी मारुंजी सोडली. २०१० साली आक्का गेल्या. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते. खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "आक्का, किती वर्षं झाली. आता तरी स्वतःला माफ करा."

त्यांनी हात सोडवून घेतला.

"मी माफ केलं, म्हंजी कुनाचंच काय चुकलं न्हाई असं हुईल. मग माजी पोरगी कशानं गेली?"

त्या उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत राहिल्या. नशीब हा शब्द त्या घरात उच्चारायची माझी हिंमत नव्हती.