तू जागा राहा

माझा मुलगा आशिष गेल्यानंतर मला सर्वांत जास्त भीती कसली वाटत असेल, तर प्रार्थनेची. हे मी बरेच दिवस कुणापाशी बोलले नाही. नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या, रविवारची उपासना कधी न चुकवलेल्या बाईने असं कोणत्या तोंडाने सांगावं? पण खरं तेच होतं. ज्या सकाळी तो चेन्नईबाहेरच्या सिरुसेरीला ऑफिसला निघाला, त्या सकाळीही मी रोजच्यासारखी दारात उभी होते आणि मनातल्या मनात म्हणाले होते, प्रभू, सांभाळ. दुपार व्हायच्या आत फोन आला. वाटेत एका लॉरीने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली होती. आम्ही इस्पितळात पोहोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, आणलं तेव्हाच त्याला शुद्ध नव्हती. त्यांनी ते आमच्या सांत्वनासाठीच सांगितलं. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट घट्ट बसली, की मी ज्याच्यासाठी हात जोडते त्याच्यावर घाला येतो. म्हणून मी धाकट्या मुलीसाठी, स्नेहासाठी प्रार्थना करणं सोडून दिलं. देवाचं लक्ष तिच्याकडे जाऊच नये, असं मला वाटत होतं.

आम्ही चेन्नईला आलो ते यांच्या नोकरीमुळे. हे मोटारींच्या कारखान्यात आहेत. मुलं लहान होती, तेव्हापासून आम्ही वेलचेरीतच राहतो. आशिष आणि स्नेहा आपसात तमिळच बोलायची. आमच्याशी मराठी बोलायची, पण अडखळत, मधूनच इंग्रजीत शिरत. आशिष गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर घरात आम्ही तिघं उरलो आणि त्या तिघांत मी भीतीला घेऊन राहू लागले. स्नेहा कॉलेजातून यायला जरा उशीर झाला की मी बाल्कनीत जाऊन समोरच्या स्टेशनाच्या जिन्यावरून उतरणाऱ्या गर्दीत तिचा चेहरा शोधत राहायचे. ती सुट्टीच्या दुपारी झोपली, की मी दबक्या पावलांनी जाऊन तिचा श्वास चालू आहे ना ते पाहायचे. एकदा तिने डोळे उघडले आणि मला तशी वाकलेली पाहिलं. तिने कूस बदलली. नंतर आतल्या खोलीत ती रडत होती, हे मला भिंतीआडून कळलं.

आणखी एक भीती होती. शेवटची दोन-तीन वर्षं आशिष चर्चला येत नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. मला म्हणाला होता, “आई, मी तिथे बसतो, पण मला आत काहीच वाटत नाही. खोटं कशाला बसू?” मला वाईट वाटलं होतं, पण त्याचा प्रामाणिकपणा आवडलाही होता. वय आहे, परत येईल, असं धरून चालले होते. तो गेल्यानंतर माझ्या नणंदेचा पुण्याहून फोन आला. ती मोठी प्रार्थना करणारी बाई, मनाने वाईट नाही. बोलता बोलता तिने विचारलं, “वहिनी, शेवटच्या घटकेला त्याने प्रभूला हाक मारली होती का गं?” मी म्हटलं, मला माहीत नाही. ती गप्प झाली. तिच्या त्या गप्प बसण्याने माझी झोप गेली. माझा मुलगा रस्त्यावर, अनोळखी माणसांत, एकटा गेला. आणि आता तो कुठे आहे? आमच्या पाळकसाहेबांनी पुष्कळ समजावलं की देवाच्या दयेची मापं आपल्या हातात नसतात. मी मान हलवायचे. पण घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले, की तोच प्रश्न पुन्हा समोर यायचा.

वर्ष उलटून गेलं. पावसाळा संपत आला होता, इमारतीच्या मागे पाणी साचून डास झाले होते आणि स्नेहाला ताप आला. आधी साधा वाटला. मग उतरेना. रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला आणि डॉक्टरांनी लगेच दाखल करायला सांगितलं. हे ऐकताना माझ्या कानांत नुसतं घोंघावत होतं. रक्तातल्या पेशी रोज खाली येत होत्या. डॉक्टर म्हणायचे, काळजी करू नका, असं होतं, आम्ही लक्ष ठेवून आहोत. हे दिवसा कारखान्यात जाऊन संध्याकाळी धावत यायचे. मी तिच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसून सलाइनचे थेंब बघायचे आणि ओठ घट्ट मिटून ठेवायचे. नकळत तोंडातून प्रार्थना निघाली तर, याची मला धास्ती वाटत होती. हे आता लिहिताना वेडेपणाचं वाटतं, पण तेव्हा मी खरोखरच तशी बसले होते, देवापासून लपून, मुलीलाही लपवून.

एका दुपारी स्नेहाच्या हिरड्यांतून रक्त आलं. थोडंसंच, पण उशीवर तो डाग पाहून ती घाबरली. तापाने डोळे लाल झाले होते, तरी ती डोळे मिटेना. मी म्हटलं, झोप जरा, बरं वाटेल. तिने माझा हात धरला आणि लहान मुलीसारखी म्हणाली, “आई, मला झोपायची भीती वाटते. ते म्हण ना, लहानपणी म्हणायचीस ते.”

ते म्हणजे काय, हे आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मुलं लहान असताना एका वर्षी वेलचेरीत पुराचं पाणी शिरलं होतं. आमच्या इमारतीचा तळमजला पाण्याखाली, वीज नाही, आणि आशिष अंधारात झोपायला तयार नव्हता. तेव्हा मी जागच्या जागी चार ओळी रचल्या होत्या. ‘प्रभू येशू, मी आता झोपतो. तू जागा राहा. माझ्याजवळ बस. तू जागा राहा.’ पुस्तकातल्या नव्हेत, कुठल्या गीतातल्या नव्हेत. पुढे कितीतरी वर्षं दोघं त्या म्हणून झोपायची. मग मोठी झाली आणि त्या ओळी आपोआप मागे पडल्या.

आता स्नेहा ते मागत होती. म्हटलं तर हिलाही गमावेन. नाही म्हटलं तर ही अशीच भेदरून पडून राहील. तिच्या हाताची पकड घट्ट होत गेली. शेवटी मी म्हणाले. डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत, फक्त तिच्या कानाशी वाकून त्या ओळी म्हटल्या. पुन्हा म्हटल्या. तिची पकड हळूहळू सैल झाली आणि ती झोपली.

मी मान वर केली तर समोर नर्स उभी होती. सेल्वी तिचं नाव, तिशीतली, कपाळावर भस्माची बारीक रेघ. सलाइन बदलायला आली होती, पण हातातली बाटली तशीच धरून ती माझ्याकडे बघत होती. तिने तमिळमध्ये विचारलं, अम्मा, तुम्ही आत्ता काय म्हणालात? मला वाटलं, वॉर्डात आवाज केला म्हणून रागावली. मी म्हटलं, काही नाही, आमच्या भाषेतली प्रार्थना. तिने बाटली टेबलावर ठेवली आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर चाचपत म्हणाली, “तू जागा राआ.”

तिच्या जिभेवर ‘ह’ उठत नव्हता. पण शब्द तेच होते.

मग तिने जे सांगितलं ते मी तसंच लिहिते. आधी ती सिरुसेरीच्या बाजूच्या एका दवाखान्यात कामाला होती. एका सकाळी रात्रपाळी संपवून शेअर ऑटोने घरी निघाली होती. वाटेत अपघात झालेला दिसला, म्हणून ती उतरली. रस्त्याच्या कडेला एक तरुण मुलगा पडला होता. ती त्याच्याजवळ बसली आणि रक्त थांबवायला ओढणी दाबून धरली. त्याला नाव विचारलं तर तमिळमध्ये म्हणाला, आशिष. त्यानंतर तो तमिळ बोललाच नाही. तेच तेच काहीतरी म्हणत राहिला. ती भाषा तिला कळेना. जमलेल्यांत कुणाला थोडं हिंदी येत होतं. तो माणूस म्हणाला, ‘जागा’ म्हणजे हिंदीतलं ‘जगह’, मोकळी जागा मागत असेल. म्हणून तिने भोवतीच्या लोकांना ओरडून मागे सारलं. तरी तो मुलगा म्हणतच राहिला. अँब्युलन्समध्ये ती त्याच्याबरोबर चढली, आणि इस्पितळ यायच्या थोडं आधी त्याचा आवाज थांबला. त्याला आत नेल्यावर ती घरी गेली. तो गेल्याचं तिला दुसऱ्या दिवशी कळलं. पुढे कितीतरी दिवस तो मुलगा काय मागत होता आणि आपण त्याला काय दिलं नाही, हा विचार तिच्या मनातून जाईना.

मी उठून उभी राहिले होते की बसले होते, मला आठवत नाही. आनंद झाला, असं म्हणू शकत नाही. आधी भीतीच वाटली, पहिल्याहून मोठी. म्हणजे त्याला शुद्ध होती. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. मी तिचा दंड धरून विचारलं, “तो घाबरला होता का?”

ती मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलली असती तरी मी समजू शकले असते. पण ती म्हणाली, “हो अम्मा. आधी फार घाबरला होता. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, पयप्पडादे, तंबी. मग तो ते म्हणायला लागला. म्हणता म्हणता त्याचा हात सैल झाला. आत्ता या मुलीचा झाला ना, तसा.”

पयप्पडादे, तंबी. भिऊ नकोस, भावा. माझ्या मुलाच्या शेवटच्या घटकेला, त्याच्याच शहराच्या भाषेत, कुणीतरी त्याला हे सांगायला बसलं होतं.

मग मी तिला त्या ओळींचा अर्थ सांगितला. तो जागा मागत नव्हता, देवाला जागं राहायला सांगत होता. तिने पदर नव्हता म्हणून युनिफॉर्मच्या बाहीने डोळे पुसले. म्हणाली, मग माझं त्याला काही द्यायचं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, नाही गं, राहिलं नव्हतं. मग तिला पुढच्या खाटेवरून हाक आली आणि ती कामाला गेली.

संध्याकाळी हे आले. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. आशिष गेल्यापासून यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. सेल्वीची ड्यूटी संपून ती निघत होती, तेव्हा हे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, “सिस्टर, कोणता हात?” तिला आधी कळलं नाही. मग तिने उजवा हात पुढे केला. यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.

दुसऱ्या दिवशी स्नेहाच्या पेशी आणखी खाली आल्या. हे मुद्दाम सांगते, कारण त्या दुपारनंतर सगळं सोपं झालं, असं कुणाला वाटू नये. रक्त चढवावं लागेल, म्हणून आम्हाला तयार राहायला सांगितलं गेलं. माझी भीती पूर्वीइतकीच होती. पण त्या दिवशी मी ओठ मिटून बसले नाही. तिच्या खाटेला धरून मी देवाशी बोलले, फार दिवसांनी, आणि फार थोडं. पूर्वी मी प्रार्थना करायचे ती वाईट काही येऊ नये म्हणून, दाराला कडी लावावी तशी. पण मुलांना झोपवताना मी तसं काही मागितलंच नव्हतं. पूर उतरू दे, असंही म्हटलं नव्हतं. पाणी होतं, अंधार होता, आणि आम्ही फक्त एवढंच म्हणत होतो की तू जवळ राहा. माझ्या मुलाने तेवढंच मागितलं होतं आणि त्याला ते मिळालं होतं. मी म्हटलं, प्रभू, स्नेहा तुझी आहे. मला फार भीती वाटते. तू बस इथे.

स्नेहा बरी झाली. हळूहळू पेशी वाढल्या आणि आम्ही तिला घरी आणलं. ती बरी झाली नसती तर माझ्या विश्वासाचं काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे असल्याचं सोंग मी करणार नाही. सेल्वी नेमकी त्याच वॉर्डात, त्याच वेळी कशी आली, याचा ऊहापोहही मी करत नाही. ती अजूनही देवळात जाते, मी चर्चमध्ये. नाताळात ती तिच्या नवऱ्याला घेऊन आमच्याकडे जेवायला आली होती. नणंदेलाही मी फोन करून सगळं सांगितलं. ती ऐकून रडली आणि म्हणाली, वहिनी, मी तो प्रश्न विचारायला नको होता.

आशिष गेल्यापासून मी प्रभुभोजनाला जागेवरून उठत नव्हते. भाकरीचा तो तुकडा घ्यायला हात पुढे करायचा म्हणजे जे होईल ते मान्य आहे असं म्हणणं, आणि ते मला मान्य नव्हतं. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी बोलावलं तेव्हा एका बाजूला हे उठले, दुसऱ्या बाजूला स्नेहा. मीही उठले. मनात आभार होते, त्या मुलाबद्दल जो चोवीस वर्षं माझा होता, त्या बाईबद्दल जी रस्त्यात उतरली. भीतीही होती. ती गेलेली नाही, आणि आता मी ती जाण्याची वाट पाहत नाही. माझा नंबर आला. मी हात पुढे केला.