जोडे बघा!

खरं तर भावोजी एकाच बाईचे भावोजी होते. पण ती बाई तिसऱ्या मजल्यावरून अशी हाक मारायची, की खालच्या वाण्याच्या दुकानातला काटा क्षणभर थरथरायचा. "भावोजी, डबा राहिला!" "भावोजी, छत्री!" "भावोजी, मोजा उलटा घातलाय!" ऐकून ऐकून सगळी इमारत त्यांना भावोजी म्हणायला लागली. वाणी म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली तळमजल्यावरची नर्सबाईसुद्धा म्हणायची. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे.

मग दादा-वहिनींना नातू झाला आणि ते मुलाकडे राहायला गेले. तात्पुरते जातोय असं सांगून गेले, पण जाताना वहिनीने शिवणयंत्र नेलं. शिवणयंत्र घेऊन जाणारी बाई तात्पुरती जात नसते, एवढं भावोजींना कळत होतं. तरी यंत्र जिन्यावरून उतरवताना जड बाजू त्यांनीच धरली.

मागे राहिल्या तीन खोल्या आणि भावोजी. मधल्या खोलीत फरशीवर यंत्राच्या पायांचे चार फिकट ठसे होते. भावोजी त्यांच्यावर पाय न देता जायचे.

भावोजींचं काम बुटांच्या दुकानात. मिसरूड फुटल्यापासून तिथेच. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाची टाच तळहातात घ्यायची, चमच्याने बूट चढवायचा, अंगठ्याने पुढचं टोक दाबून बघायचं आणि म्हणायचं, "छान बसतोय. खास तुमच्यासाठीच केल्यासारखा." दुकानातला आरसासुद्धा घोट्याइतकाच उंच. त्यामुळे भावोजींना अर्धं गाव पायांवरून ओळखता येई आणि चेहऱ्यावरून जवळजवळ कुणीच नाही. त्यांच्या लग्नासाठी दादाने काही वर्षं जोडे झिजवले. झिजलेले जोडे भावोजींनीच दुकानातून बदलून दिले. शेवटी दादा थकला. "जगाच्या पायात जोडे घालतोस," तो म्हणाला, "आणि तुझा जोडा काही जुळत नाही बाबा." यावर घरात सगळे हसले. भावोजीही हसले. विनोद चांगलाच होता.

वहिनी दर शनिवारी फोन करायची.

"रविवारी काय करता?"

"झोपतो."

"आणि दुपारी?"

"उठलो की सांगतो."

"ऐका. तिकडे राष्ट्रीय उद्यानात रविवारी डोंगरफेरी असते. बरोबर गाईड असतो, दहा माणसं असतात. मी तुमचं नाव घातलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही 'बघू' म्हणाला असतात. आणि तुमचं 'बघू' म्हणजे काय, ते या जगात मला एकटीला माहीत आहे. जा. आणि भावोजी, तिथे लोकांच्या पायांकडे नका बघत बसू. तोंडाकडे बघा."

डोंगराला बूट लागतात. दुकानातला एक तपकिरी जोडा पडून होता. शोकेसमध्ये जोड्यातला एकच बूट मांडायचा आणि दुसरा माळ्यावर डब्यात ठेवायचा, अशी दुकानाची जुनी रीत. एकट्या बुटाला चोरसुद्धा विचारत नाही. पण हा एकटा बूट इतकी वर्षं उन्हात उभा होता, की दूध जास्त झालेल्या चहासारखा फिका पडला होता. डब्यातला मात्र चॉकलेटसारखा काळपट. मालक म्हणाले, "घेऊन जा. गिऱ्हाइकाला दाखवला तर ते मलाच मारेल, त्याच जोड्याने." वहिनीने फोनवर उपाय सांगितला. गडद बूट रोज खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचा, होईल हळूहळू फिका. भावोजी रोज एक बूट उन्हात ठेवू लागले.

उद्यानाच्या फाटकापाशी गाईड उभी होती. पोरगेलेशी मुलगी, खाकी टोपी, गळ्यात शिट्टी आणि बोलणं असं की शब्दाला शब्द लागलेला. तिने नियम सांगितला. डोकी मोजत बसलं तर डोकी हलतात, म्हणून तिच्याकडे मोजणं नाही. प्रत्येकाचा एक जोडीदार. थांब्यावर तिने हाक दिली, की आपापला जोडीदार शोधायचा आणि तो दिसला तर मोठ्याने म्हणायचं, "आहे!" जो दुसऱ्याचा, तो हरवत नाही.

सगळे जोडीनेच आले होते. नवरा-बायको, दोघी बहिणी, आई आणि तिचा दाढीवाला मुलगा.

"एकटं कोण आहे?"

भावोजींनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मग काका, तुम्ही माझे."

भावोजींचे कान लाल झाले. असं वाक्य त्यांना उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. मग ते सरकारी कामाचा भाग म्हणून का असेना.

पहिल्या चढणीवर दम सगळ्यांनाच लागला, गाईडलाही. 'जोडीदार बघा' एवढं लांबलचक म्हणणं तिला परवडत नसे, म्हणून तिने शब्द छाटून ठेवला होता. ती वळली आणि ओरडली, "जोडे बघा!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. भावोजींनी मान खाली घातली, आधी फिका पाय बघितला, मग गडद पाय बघितला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन्ही आहेत!"

सगळा डोंगर हसल्यासारखं झालं. गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ होते. ते हसता हसता खाली बसले आणि मग बसल्या बसल्या त्यांचं लक्ष बुटांकडे गेलं. "अहो, पण हे तर विजोड आहेत!" झालं. त्या दिवसापासून फेरीत भावोजींचं नाव विजोडकाका.

त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. टोपणनाव मिळालं म्हणजे माणूस खिजगणतीत आला, असा त्यांचा हिशेब. ते दर रविवारी जाऊ लागले. माणसं बरीचशी तीच असायची. भावोजी रांगेच्या शेवटी चालायचे. पुढच्या टाचा बघत चालायची सवय वहिनीने कितीही बजावलं तरी जाईना. गंमत म्हणजे डोंगर त्यांना फारसा आवडत नव्हता. झाडं झाडांसारखी होती. त्यांना आवडायचा तो थांबा. "जोडे बघा!" आणि मग वरून खालपर्यंत एकामागून एक येणारं ते "आहे... आहे... आहे." दुर्बीणवाले आणि त्यांची बायको फाटकापासून शिखरापर्यंत भांडायचे, पाण्यावरून, टोपीवरून, घरी राहिलेल्या कुठल्याशा नळावरून. पण हाक आली की ती बाई तोंड वाकडं करून का होईना म्हणायचीच, "आहे. कुठे जातोय!"

भावोजींना त्या वाकड्या तोंडाचासुद्धा हेवा वाटायचा.

कारण त्यांच्यासाठी 'आहे' म्हणणारं कुणी नव्हतं. त्यांची जोडीदार गाईड, आणि गाईड तर विचारणारी. विचारणाऱ्याला कोण विचारणार? भावोजी तिच्यासाठी हळूच "आहे" म्हणायचे. त्याची गरज नसायची, ती समोरच शिट्टी घेऊन उभी असायची. एका रविवारी एक तरुण एकटाच आला आणि भावोजींना खराखुरा जोडीदार मिळाला. कानात गाणी, डोळे फोनमध्ये. हाक आल्याबरोबर तो मान वर न करता म्हणाला, "आहे." भावोजी तेव्हा निसर्गाच्या हाकेला ओ देत झुडपामागे उभे होते.

शनिवारी वहिनी विचारायची, "झाली का कुणाशी ओळख?"

"झाली की. दुर्बीणवाले आहेत, त्यांची बायको आहे..."

"आणि तुमचा जोडीदार?"

"गाईड."

"अगं बाई! कशी आहे?"

"सरकारी आहे."

वहिनी इतकी हसली की मागे बाळ रडायला लागलं आणि फोन ठेवावा लागला.

मग तो धुक्याचा रविवार आला. धुकं असं, की पुढच्याच्या टाचाही मधूनच नाहीशा होत. शिखराच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे भावोजींच्या फिक्या बुटाची लेस तटकन तुटली. बूट शोकेसमध्ये सुकला तशी लेसही उन्हाने आतून विरली होती. इतकी वर्षं बुटांत काढून हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण न्हाव्याची दाढी नेहमी वाढलेलीच असते. ते दगडावर बसले, तुटकी टोकं घेऊन गाठ मारू लागले. रांग वळणापलीकडे गेली.

गाठ बसते न बसते तोच वरून, अगदी जवळून, आवाज आला. "जोडे बघा!"

'थांबा हो' म्हणायला भावोजींनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

का मिटलं, ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. पण ते कान देऊन बसले होते. त्यांना एवढंच ऐकायचं होतं की कुणीतरी म्हणेल, 'नाही'. कुणीही चाललं असतं. दुर्बीणवाले म्हणाले असते, 'अहो, तो विजोड कुठाय?' तरी ते उड्या मारत गेले असते.

"आहे," बहिणींपैकी एक म्हणाली. "आहे." "आहे." "आहे. कुठे जातोय!" कुणीतरी हसलं. शिट्टी वाजली. मुरमावर पावलं वाजत गेली, मग तीही वाजेनाशी झाली.

भावोजी बसून राहिले. धुक्यात काही दिसत नव्हतं, फक्त स्वतःचे दोन पाय, एक फिका, एक गडद. दुकान बंद करताना ते रोज शोकेसचा दिवा मालवायचे, तेव्हा काचेत तो एकटा बूट काळोखात उभा राहायचा. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज उगाच त्याची आठवण आली.

वाट एकच होती. चुकायची सोयच नव्हती. ते उठले आणि चालत वर गेले. शिखरावरच्या शेडमध्ये मंडळी उकडलेली अंडी सोलत बसली होती. भावोजी आले तसं कुणी 'आलात?' म्हणालं नाही. कारण ते गेलेलेच नव्हते. दुर्बीणवाले बायकोचा फोटो काढत होते. "विजोडकाका, जरा सरका हो. मध्ये येताय."

भावोजी सरकले.

उतरायच्या आधी गाईडने हाक दिली. "जोडे बघा!"

"आहे." "आहे." "आहे."

"माझा नाही," भावोजी म्हणाले.

सगळे हसले. आता हा नवा विनोद. गाईडही हसली. "काका, मी काय भूत आहे? ही काय तुमच्यासमोर उभी!"

"तुम्ही आहात हो," भावोजी म्हणाले. "मघाशी मी नव्हतो."

हसणं अंड्यासारखं घशात अडकलं. दुर्बीणवाल्यांच्या बायकोने विचारलं, "कधी?"

"खालच्या वळणावर. लेस तुटली."

गाईडचा चेहरा उतरला. ती भावोजींना बाजूला घेऊन गेली. तिचा शब्दाला शब्द लागेना. "मग हाक का नाही मारलीत, काका?"

"दम लागला होता."

"त्या वळणाच्या पलीकडे कडा आहे. माहितीये ना तुम्हाला?" मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "असं परत नका करू. माझी नोकरी जाईल हो."

भावोजी ओशाळले. तिची नोकरी आपण पणाला लावली, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "चुकलंच माझं," ते म्हणाले आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. पण ज्या शब्दांसाठी ते वळणावर बसून राहिले होते, ते हे शब्द नव्हते.

उतरताना गाईड त्यांच्या बरोबरीने शेवटी चालली. प्रत्येक थांब्यावर आधी तिने हात वर केला आणि सगळ्यांच्या आधी म्हणाली, "माझा आहे!" मग पुढे, "जोडे बघा!" भावोजींनी तो आवाज ताबडतोब ओळखला. छान बसतोय, खास तुमच्यासाठीच केल्यासारखा. हा तोच आवाज. त्यांनी तो जन्मभर वापरला होता. कधी कधी ते खरंही असायचं. पण नेमकं कधी, ते गिऱ्हाइकाला कधीच कळलं नव्हतं. आणि आता भावोजी गिऱ्हाइकाच्या जागी होते.

शेवटच्या थांब्यावर मात्र त्यांनी बुटांकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघितलं. दमलेली होती बिचारी. टोपीखाली घाम आला होता.

फाटकापाशी जोड्या आपापल्या वाटेने पांगल्या. नळाचं भांडण रस्त्यापलीकडून ऐकू येत राहिलं. गाईडने विचारलं, "काका, पुढच्या रविवारी येताय ना?"

"बघू," भावोजी म्हणाले.

"म्हणजे येताय!" ती म्हणाली आणि सायकलवर बसून निघून गेली. त्या 'बघू'चा खरा अर्थ जाणणारी जगातली एकुलती एक बाई तेव्हा दूर दुसऱ्या गावात नातवाला झोपवत होती. भावोजींना स्वतःलाही या वेळी तो नीटसा लागेना.

दुसऱ्या दिवशी दुकानातून त्यांनी लेस घेतल्या. मालक म्हणाले, "एकच तुटली ना?"

"एक तुटली तरी दोन्ही बदलतात," भावोजी म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत."

मधल्या खोलीत, यंत्राच्या ठशांशेजारी बसून त्यांनी दोन्ही बुटांत लेस ओवल्या. फरक अजून दिसत होता, पण पहिल्याइतका नाही. सकाळी कामावर निघण्याआधी त्यांनी गडद बूट खिडकीच्या कठड्यावर ठेवला, घाईत जरा जास्तच कडेला. ते पाठ वळवतात न वळवतात तोच खालून वाण्याची आरोळी आली, तिसऱ्या मजल्यापर्यंत, थेट.

"भावोजीऽऽ! बूट!"

भावोजी धावत खिडकीशी गेले, बूट मागे ओढला, बाहेर वाकले. खाली वाणी डोळ्यांवर हात धरून वर बघत होता.

"आहे!" भावोजी ओरडले. "आहे, आहे!"